चाप

बंदुकीच्या अवयवांना मराठीने दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. नळी, दस्ता, घोडा, माशी ही सारी घरगुती नावे. शस्त्राचे वर्णन नसून एखाद्या जुन्या वाड्यातील सामानाची यादी चालली आहे असे वाटावे. त्यांत 'चाप' हा शब्द थोडा निराळा आहे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत चापणे म्हणजे दाबणे, आणि चाप लावणे म्हणजे आवर घालणे. प्रत्यंचा सोडण्याचे आणि घोडा सोडण्याचे काम बोटाचेच असल्यामुळे एकाचे नाव दुसऱ्याला चिकटले असावे, असे मला आपले वाटते. भाषाशास्त्रज्ञांनी हवे तर हसावे. परंतु ज्या पोलादी जिभेने गोळी सुटते, तिच्याच नावात आवर घालण्याचाही अर्थ आहे, याची गेल्या वर्षभरात मला फार वेळा आठवण झाली.

कारण असे घडले, की एकाच महिन्यात दोन दिशांनी मला एकच प्रश्न विचारण्यात आला. ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या पुतण्याने दूरध्वनीवर विचारले, "काका, माझ्या रायफलला स्पर्धेचा चाप बसवायचा आहे, कोणत्या जातीचा घेऊ?" आणि इकडे हरणीत, माझ्याच घरात, बारावीत शिकणाऱ्या नातीने जेवताना विचारले, "आजोबा, माझा चाप बदलून घेऊ या का?" माझी नोकरी टूलरूममध्ये गेली. पोलादाचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर कसे सरकतात, कुठे अडतात, किती झिजतात, हे पाहण्यात पस्तीस वर्षे गेली. तेव्हा दोघांनाही मी या विषयातला अधिकारी वाटलो यात नवल नाही. बंदुकीशी माझा संबंध मात्र राष्ट्रीय छात्रसेनेपुरता. चीनच्या युद्धानंतर महाविद्यालयात छात्रसेना सक्तीची झाली होती, त्या काळातला, १९६६ सालचा. थ्री-नॉट-थ्रीच्या चापाला दोन दाब असत. पहिला दाब सैल, लांब. तो संपला की बोटाला भिंत लागे. मग श्वास अर्धा सोडायचा आणि दुसरा दाब असा वाढवायचा, की बार कधी झाला ते स्वतःलाही कळू नये. आमचे हवालदार हे हिंदीत, बऱ्याचशा शिव्यांसह, शिकवीत. इतक्या वर्षांनी पाहतो तो अचूक नेमबाजीचे शास्त्र त्या दोन दाबांपलीकडे फारसे गेलेले नाही. ते सूक्ष्म झाले आहे, इतकेच.

पुतण्याचे प्रकरण आधी सांगतो. त्याची रायफल अर्धस्वयंचलित. म्हणजे चाप एकदा दाबला की एक गोळी सुटते, आणि त्याच गोळीच्या वायूच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन नवे आत बसते. पुढच्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. आपल्याकडे असल्या मोठ्या काडतुसांच्या रायफली सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाहीत. तिकडे त्या दुकानात मिळतात, आणि त्यांचे सुटे भाग तर किराणा मालाप्रमाणे. कारखान्यातून येणारा चाप सैनिकी मापाचा असतो: अडीच-तीन किलोंचा किंवा त्याहूनही जड, आणि खडबडीत. बोट दाबत असताना आत वाळू असावी तसे लागते. याचे कारण साधे. घोडा ज्या दाढेवर अडून राहतो, इंग्रजीत जिला सिअर म्हणतात, तिचा आणि घोड्याचा स्पर्श मोठा ठेवलेला असतो आणि पृष्ठभाग केवळ कामापुरते घासलेले असतात. सैनिक चिखलात पडेल, रायफल आपटेल, थंडीत हातमोजे घालून चाप ओढील. तरी नको तेव्हा बार होता कामा नये, हा हिशेब. तो चुकीचा नाही. मात्र तीनशे यार्डांवरच्या लक्ष्याला हा चाप पुरत नाही, कारण तीन किलोंचा जोर लावताना चार किलोंची रायफल हलतेच.

म्हणून बाजारात बदली चाप आले. त्यांचे मुख्य प्रकार दोन. एका टप्प्याचा: बोट ठेवले की लगेच भिंत, आणि भिंत फुटली की बार. दुसरा दोन टप्प्यांचा, आमच्या थ्री-नॉट-थ्रीसारखा. काही चाप सुट्या भागांत येतात, ते रायफलमध्ये एकेक बसवावे लागतात. काही डबीबंद येतात, कारखान्यात जुळवलेले, दोन पिना घातल्या की झाले. पुतण्याला एका टप्प्याचा, दीड किलोहून हलका, डबीबंद चाप हवा होता. त्याच्या मंडळातले सारे तोच घेतात म्हणे.

मी त्याला आतील रचना समजावून सांगू लागलो, कारण मला तीच समजते. अर्धस्वयंचलित रायफलीत घोडा दोनदा अडवावा लागतो. बार झाल्यावर मागे येणारा बोल्ट घोड्याला पुन्हा मागे ढकलतो, त्या क्षणी बोट अजून चापावर दाबलेलेच असते; म्हणजे मुख्य दाढ बाजूला असते. तेव्हा घोड्याला पकडायला दुसरा आकडा लागतो. बोट सोडले की हा आकडा घोडा हळूच मुख्य दाढेच्या स्वाधीन करतो. ही देवाणघेवाण सेकंदाच्या लहानशा अंशात होते. चाप हलका करण्यासाठी कोणी हौसेने स्प्रिंग वाकवली, दाढ कानसली, तर घोडा या दोघांच्या मधून निसटतो आणि एका दाबात दोन गोळ्या जातात. दुसरीकडे घोड्याची स्प्रिंग नरम केली, तर काडतुसाच्या बुडावर आघात कमी पडून बारच होत नाही. हाताने ओढायच्या बोल्टच्या रायफलीत हलक्या चापाला जे स्वातंत्र्य आहे, ते इथे नाही. म्हणून पहिली गोष्ट मी त्याला सांगितली, की घरी कानस लावायची नाही. घ्यायचा तर नामवंत कारखान्याचा, जुळवलेला, पूर्ण घ्यायचा. हे त्याने ताबडतोब मान्य केले. माणसे सल्ल्यातील खर्चाचा भाग लवकर मान्य करतात.

दुसरी गोष्ट मान्य होईना. मी विचारले, "रायफल कशासाठी?" तो म्हणाला, "काका, मुख्यतः स्पर्धेसाठी. पण घरात असलेली बरी. मागच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत चोरी झाली." माझे म्हणणे असे होते, की ही दोन कामे एका चापाची नव्हेत. स्पर्धेत माणूस आडवा पडलेला असतो, श्वास मोजत असतो, समोर पुठ्ठा असतो. मध्यरात्री जिन्यात उभ्या असलेल्या माणसाच्या बोटाला सूक्ष्म स्पर्श उरत नाही. भीतीने रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे धावते आणि बोटे बधिर होतात. ज्या चापाने रविवारी दहा गुण मिळतात, तोच त्या रात्री आपण ठरवण्याआधी सुटेल. आणि त्याच्या घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. पुतण्या म्हणाला, "सुरक्षेचा खटका असतो ना!" खटका असतो. खटका माणसाने लावायचा असतो.

तिकडच्याच एका जुन्या नियमाचा मला उपयोग झाला. ओहायोतील कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी सामने भरतात. तेथे सैनिकी जातीच्या रायफलींच्या स्पर्धेत चापाला साडेचार पौंडांचे, म्हणजे दोन किलोंहून किंचित अधिक, वजन उचलता आले पाहिजे असा दंडक आहे. पंच प्रत्यक्ष वजन टांगून पाहतात. जगातील उत्तम नेमबाज त्या दोन किलोंच्या चापाने सहाशे यार्डांवर नेम साधतात. त्यांना पुरते ते तुला का पुरू नये, या प्रश्नावर तो जरा थांबला. शेवटी तडजोड झाली: दोन टप्प्यांचा चाप, पण स्प्रिंग हलक्यातली, साडेतीन पौंडांची. सूनबाई दूरध्वनीवर मागून काही म्हणाल्या, ते मला नीट ऐकू आले नाही. तिजोरी मात्र त्याच आठवड्यात आणली, असे नंतर कळले.

इथे थोडे विषयांतर करतो, आणि बडोदेकरांपुढे ते केल्याबद्दल क्षमा मागण्याची गरज नसावी. या देशातील नेमबाजीच्या संघटित खेळाचा आरंभ आपल्यासारख्याच एका मराठी कुटुंबातील माणसाने केला, हे आपल्यातही फारसे कोणाला ठाऊक नसते. गणेश वासुदेव मावळंकर. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले मावळंगे, जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात, कर्मभूमी अहमदाबाद. खेडा सत्याग्रहापासून गांधीजींच्या सोबत असलेले, तुरुंगवास भोगलेले, पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. याच दादासाहेबांच्या पुढाकाराने १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षही तेच. अहिंसेच्या शाळेतला माणूस रायफल संघटना काढतो, याचे काहींना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. शस्त्र हाताळण्याची रीत ज्याने सभागृह सांभाळले त्याला अधिक कळली असेल; दोन्हीकडे काम एकच, सुटू पाहणाऱ्याला वेळेपर्यंत धरून ठेवण्याचे. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी अखिल भारतीय पात्रता स्पर्धा, ती त्यांच्याच नावाने भरते. नातीच्या तोंडी 'मावळंकर' हा शब्द दिवसातून चारदा येतो, पण तो तिच्यासाठी एका परीक्षेचे नाव आहे. ते गृहस्थ आपल्या बडोद्यात जन्मले, असे मी सांगितले तेव्हा तिने, "मग पात्रतेचे गुण इतके जास्त का ठेवले?" असे विचारले.

त्या संघटनेच्या झाडाला मराठी फांद्या पुष्कळ आल्या. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे. २०१० साली म्युनिचला विश्वविजेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ज्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. आमच्या घरी त्या दिवशी दूरदर्शन संचापुढे जी शांतता होती, तशी मी फक्त निकालाच्या दिवशी पाहिली आहे.

आता नातीची रायफल. ती दहा मीटरची, हवेच्या दाबाची, साडेचार मिलिमीटरच्या शिशाच्या छऱ्यांची. जर्मन बनावटीची, पण जुनी, एका निवृत्त खेळाडूकडून घेतलेली. या प्रकारात लक्ष्याच्या मध्यावरचा दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. टाचणीचे डोके त्याहून मोठे. साठ छरे, सव्वा तास. प्रत्येक छऱ्याला दशांशात गुण, कमाल १०.९, म्हणून पूर्ण गुण ६५४. पॅरिसला आपल्या अहमदाबादेत वाढलेल्या इलावेनिल वलरिवनला ६३०.७ गुण मिळाले आणि ती दहावी आली. आठांची अंतिम फेरी हुकली. म्हणजे सरासरी साडेदहा गुण मिळवूनही माणूस बाहेर राहतो. अशा खेळात नात ६१८च्या आसपास अडकली होती आणि तिचे चुकलेले छरे बहुतेक एकाच जागी, डावीकडे खाली, जात होते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा छरा तिकडे गेला की पहिला संशय चापावर.

तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या मुलाचा, स्वभाव खर्चाने प्रश्न सोडवण्याचा आहे. विजेवर चालणाऱ्या चापाची नवी रायफल घ्यावी, असे त्याने ठरवूनच टाकले होते. त्यासाठी तिच्या पुढच्या शिक्षणाची म्हणून ठेवलेली मुदतठेव मोडायची तयारी होती. हाच खरा पेच होता. रायफल आली आणि गुण वाढले नाहीत, तर ठेव जाईल आणि मुलीच्या खांद्यावर तिचे ओझे साडेपाच किलोंच्या रायफलीपेक्षा जड होईल. ती हे बोलली नाही. पण चाप बदलण्याची गोष्ट काढणारी तीच, आणि मुदतठेवीचा विषय निघाल्यावर गप्प झालेलीही तीच.

विजेच्या चापाबद्दल दोन शब्द. त्यात दाढ आणि घोडा यांचे घर्षण उरत नाही. बोटाने विद्युत्मंडल पूर्ण केले, की झडप उघडते. स्पर्श अगदी एकसारखा, झीज नाही. पण जे यंत्र बिघडल्यावर स्क्रू ड्रायव्हरने दुरुस्त होत नाही, त्याबद्दल मला जुन्या माणसाचा अविश्वास आहे. २५ जुलै २०२१ रोजी तोक्योला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला; दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि ५७५ गुणांवर ती बारावी राहिली. तीच मुलगी तीन वर्षांनी पॅरिसहून दोन कांस्यपदके घेऊन आली. नातीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने मान हलवली. तिला ती माझ्याहून अधिक तपशिलाने ठाऊक होती.

चापाचा न्याय करायचा तर आधी मोजमाप. रायफल रिकामी, हवेचे नळकांडे काढलेले, चाप कोऱ्या सरावावर, नळी आकाशाकडे. चापाला दोरा बांधून खाली औषधाची लहान बाटली टांगली आणि इंजेक्शनच्या पिचकारीने तीत थेंब थेंब पाणी सोडत गेलो. कट्ट आवाज झाला, की बाटली सोनाराच्या काट्यावर. रायफलींच्या या प्रकारात पिस्तुलासारखी किमान वजनाची अट नाही. हवेच्या पिस्तुलाला पाचशे ग्रॅमची अट आहे. रायफल मात्र फुंकरीनेही सुटली तरी चालते. नातीचा चाप पंचाण्णव ग्रॅमच्या आसपास सुटत होता. आम्ही वीस वेळा मोजले. कमीत कमी त्र्याण्णव, जास्तीत जास्त सत्त्याण्णव. पहिला टप्पा साठ ग्रॅमला संपे, भिंत स्वच्छ, मग उरलेले पस्तीस. टूलरूममध्ये माझ्या हाताखालच्या माणसाने असे मोजमाप आणून दाखवले असते, तर मी त्याला चहा पाजला असता. इतक्या वर्षांच्या वापरानंतरही त्या दाढेची धार शाबूत होती. चाप निर्दोष होता.

मग चूक कुठे? ते शोधण्याचे श्रेय तिच्या प्रशिक्षकांचे. नळीला बसवायचे एक प्रकाशीय उपकरण असते. नेम धरल्यापासून सुटेपर्यंत नळीचे टोक कसे भटकते, याची रेघ ते पडद्यावर काढते. त्या रेघांत दिसले, की पाच-सात सेकंदांत सुटलेले छरे ठिपक्याभोवती आहेत. नेम नऊ-दहा सेकंदांपर्यंत ताणला गेला, की बोट घाई करते आणि शेवटच्या पाव सेकंदात रेघ डावीकडे खाली उडी मारते. उपाय रायफल खाली ठेवण्याचा, पुन्हा श्वास घेण्याचा. दुकानात तो मिळत नाही. एक गोष्ट मात्र यंत्रातलीही होती. तिची बोटे आखूड आहेत. पूर्वीच्या मालकाच्या लांब हाताला जुळवलेली चापाची जीभ तिला पोचत नव्हती, म्हणून बोट सरळ मागे दाबण्याऐवजी जिभेच्या कडेला ओढत होते. जीभ दोन-अडीच मिलिमीटर मागे, दस्त्याकडे, घेतली. बार सुटल्यावर चाप जितका अनावश्यक पुढे धावतो, तो अडवणारा स्क्रू पाऊण फेरा आत घेतला. खर्च शून्य. मुलाला हे फारसे रुचले नाही. शून्य खर्चाच्या उपायावर त्याचा विश्वास बसत नाही. पण ठेव वाचली. तीन महिन्यांनी नातीचे गुण ६२२ झाले. हे पुरेसे नाहीत, आणि तिला ते कळते.

एक गोष्ट मी घरात ठामपणे सांगितली. हवेची आहे म्हणून, परवाना लागत नाही म्हणून, ही रायफल खेळणे नव्हे. तिचे कपाट वेगळे, छऱ्यांचे वेगळे, किल्ल्या दोन माणसांकडे. मुलाला हा अतिरेक वाटला. पण आम्ही हरणीत राहतो. १८ जानेवारी २०२४ रोजी इथल्या तलावात नाव उलटून सहलीला आलेली बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून ज्यांनी रुग्णवाहिका मोजल्या, त्यांच्याशी सुरक्षेच्या नियमांबाबत वाद घालू नये.

डिसेंबरात पुतण्या सहकुटुंब आला होता. भीडभंजन हनुमानाचे दर्शन, न्यायमंदिर, लक्ष्मीविलास, असे सारे झाल्यावर एका दुपारी त्याच्या मुलाने रायफल पाहण्याचा हट्ट धरला. नातीने कपाट उघडले, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, नळकांडे बाजूला ठेवले, आणि त्याला भिंतीकडे तोंड करून बसवले. सैल टप्पा कोणता, भिंत कोणती, हे तिने मला कधी समजावले नसेल इतक्या शांतपणे त्याला सांगितले. त्याने बोट ठेवले मात्र, कट्ट झाले. मुलगा दचकून म्हणाला, "ताई, मी दाबलंच नव्हतं."

पुतण्या दाराशी उभा होता. तेव्हा तो काही बोलला नाही. रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर येऊन बसला आणि त्याने मला विचारले, की त्याच्या चापात वरच्या वजनाची स्प्रिंग बसते का. बसते, मी म्हणालो. चाप बदलावा लागत नाही. त्याने खिशातून कागद काढला आणि कोणत्या पिना काढाव्या लागतील ते मला लिहून द्यायला सांगितले.